डावा कौल आणि माझं सामान्य विज्ञान

शुक्रवारी संध्याकाळी जयसिंगपूरहून आमच्या घरी जे आलं त्याची नोंद अशी. भडंग, मोठी पिशवी एक, घरी केलेलं, म्हणजे फुकट. वांगी दोन किलो, शेजारच्या मळ्यातली, तीही फुकट. स्टँडपासून मंगळवार पेठेपर्यंत टांगा, सव्वा रुपया. मी आणायला गेले असते तर रुपयात आला असता. त्या टांग्यातून आमच्या थोरल्या नणंदबाई, अक्का. आणि अक्कांच्या गळ्यावर, पदराआड, लिंबाएवढी एक गाठ. तिच्यापुढचा किमतीचा रकाना मी रिकामा सोडला आहे.

आपल्या भगिनी मंडळाच्या हस्तलिखित अंकात प्रवासवर्णन लिहायची या खेपेला माझी पाळी. मागच्या अंकात तुम्ही रामेश्वर वाचलंत, त्याच्या आधी काशी. माझा प्रवास कोल्हापूरहून शाहूवाडी तालुक्यातल्या एका डोंगरापर्यंत आणि परत, तोही एका दिवसात. समुद्र नाही, गंगा नाही. एक ओढा आहे, पण त्या ओढ्यावर माझी जेवढी शोभा झाली तेवढी काशीला जाऊनही झाली नसती.

जायचं कारण ती गाठ. मिरजेच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर स्वच्छ लिहून दिलं होतं की ऑपरेशन करून गाठ काढून टाकावी. आता काढली तर अवघड नाही, वाढू दिली तर पुढचं सांगता येणार नाही. ही चिठ्ठी महिन्यापूर्वीची. अक्कांनी ती देव्हाऱ्यात ठेवली होती आणि महिनाभर रोज तिच्यावर फूल वाहत होत्या. शेवटी मुलाने फार मागे लागून त्यांना धाकट्या भावाकडे, म्हणजे आमच्याकडे पाठवलं. जेवताना अक्का म्हणाल्या, "आईला इचारल्याबिगर मी अंगाला सुरी लावून घेणार न्हाय."

आई म्हणजे आमची कुळाची देवी, त्या डोंगरावरची. आणि विचारायचं म्हणजे कौल लावायचा. ज्या मैत्रिणी लांबून इकडे नांदायला आल्यात त्यांच्यासाठी सांगते. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक कळी पाण्याने चिकटवतो. आपण मनात प्रश्न धरायचा. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. उजवी म्हणजे देवीची उजवी हं, समोर उभ्या राहणाऱ्यांनी घोळ करू नये.

आमचे हे कचेरीत कारकून आहेत आणि देव मानतात तो सणावाराला. पण बहीण म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला होता. स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाले, "तूच घेऊन जा. उजवा पडला की मी परस्पर मिरजेची तारीख घेतो."

"आणि डावा पडला तर?"

"तू मॅट्रिक झालीयस ना? सामान्य विज्ञानात बरे मार्क होते म्हणतेस. बघ काहीतरी."

बरे मार्क होते हे लग्नापासून मीच ऐकवत आले आहे, त्यामुळे मी प्रवासाची पिशवी भरायला घेतली.

शनिवारी सकाळी पहिल्या एस.टी.ने निघालो. मलकापूरपर्यंत दोघींचे साडेपाच रुपये. खिडकी मी अक्कांना दिली. तुम्हांला वाटेल मोठेपणा केला, पण थंडीचे दिवस, खिडकीची काच अर्ध्यातच अडकलेली, आणि वारा सगळा खिडकीकडच्या माणसाला. हे मला आधी ठाऊक होतं आणि तरी अक्कांनी "गुणाची हाईस" म्हटल्यावर मी मान खाली घातली. पन्हाळ्याचा डोंगर मागे पडेपर्यंत धुकं होतं. मग उन्हं आली आणि दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खाचरं दिसू लागली. उसाची काळी रानं संपून तांबडी माती सुरू झाली की आपण तालुक्यात शिरलो असं समजायचं. बांबवड्याला गाडी चहासाठी थांबते. चहा वीस पैसे, चांगला असतो. भजी घेऊ नका, आदल्या दिवसाच्या तेलातली असतात. मी घेतली नाहीत, वासावरून सांगते आहे.

मलकापुरातून डोंगराखालच्या वाडीकडे जाणारी गाडी दिवसातून दोनदाच. ती चुकली तर जीप आहे, पण जीपवाला माणशी दोन रुपये मागतो आणि टपावर शेळ्या घेतो. आम्हांला गाडी मिळाली. पायथ्याला उतरलं की आधी एक ओढा लागतो, गुडघ्याच्याही खाली पाणी. तो ओलांडून गुरांच्या वाटेने वर अर्ध्या-पाऊण तासाची चढण. वर देवळाशी ओटीचं सगळं मिळतं, पण नारळाला दीडपट दर लावतात असं मी ऐकलं होतं, म्हणून नारळ कोल्हापुरातूनच घेऊन गेले होते, मंडईत शेवटी उरलेल्यांतला, घासाघीस करून.

तो नासका निघाला.

गुरवमामांनी देवीसमोर फोडला आणि मान वळवून बाजूला ठेवला. साठीचे असतील, कपाळभर भंडारा, आवाज खणखणीत. मी लगेच म्हणाले, "नासका निघणं चांगलं असतं ना मामा? देवीनं मागणं पोचतं करून घेतलं म्हणतात."

"म्हणत्यात," गुरवमामा म्हणाले. "कितीला घेतलासा?"

मी किंमत सांगितली. मैत्रिणींनो, वरच नारळ घ्या.

मग कौल लावायची तयारी झाली. सकाळीच कुणाचा तरी अभिषेक होऊन गेला होता. गाभाऱ्यात ओल होती, समई तेवत होती आणि देवीचा मुखवटा नुकती न्हालेली असल्यासारखा चमकत होता. गुरवमामांनी अक्कांना पुढे बसवलं. तगरीच्या दोन कळ्या निवडून घेतल्या.

"काम मनात धरायचं," ते म्हणाले. "व्हट हलवायचं न्हाईत. आन काय इचारलं, ते खालचा वढा वलांडूस्तवर कुणाला सांगायचं न्हाय, कौलाबद्दल चकार शब्द काढायचा न्हाय. काढला तर कौल वाया. ठावं हाय न्हवं?"

"ठावं हाय," अक्का म्हणाल्या आणि डोळे मिटले.

गुरवमामांनी गाऱ्हाणं घातलं: लेक तुझी जयसिंगपुराहून आलीय, तिच्या मनात जे काय असंल त्याचा निवाडा कर, उजवं असंल तर उजवं दे, डावं असंल तर डावं. बाहेर एक बैल घंटा वाजवत गेला. कळ्या जागच्या हलेनात. मी डोळे मिटले नव्हते. मी उजव्या कळीकडे अशी टक लावली होती की माझ्या नजरेनेच ती पडावी. पड ग बाई, पड, असं मनात चाललं होतं.

डावी घरंगळली. सरळ खाली आली आणि देवीच्या पायाशी थांबली.

अक्कांनी डोळे उघडले, कळी पाहिली, शांतपणे नमस्कार केला. संपलं, म्हटलं. आता ही बाई मिरजेला जात नाही. आणि मग, देवीची शपथ, आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या मूर्तीकडे नीट पाहिलं, दागिने सोडून. मुकुटाखालून पाण्याचा एक बारीक ओघळ निघून डाव्या खांद्यावरून खाली जात होता. उजवा खांदा समईच्या बाजूला, कोरडा. शिवाय मूर्ती किंचित डावीकडे कललेली. सामान्य विज्ञानाचं पुस्तकच समोर उघडलं जणू.

मी गुरवमामांना बाजूला घेऊन म्हणाले, "मामा, त्या खांद्यावर पाणी होतं."

"मग? पाण्याबिगर कळी चिकटंल कशी?"

"तसं नाही. डाव्या बाजूला जास्त होतं. म्हणजे आज सगळ्यांनाच डावा पडणार."

"मघाशीच एकाला उजवा दिलाय. बैल घ्यायचा व्हता त्याला." त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "बाई, तुमाला उजवा पायजे व्हता, व्हय?"

मी ओटीचं ताट उचललं आणि बाहेर आले.

उतरताना मी बोलायला सुरुवात केली. कौलाबद्दल बोलायचं नाही हा नियम विचारणारीला आहे, सोबत आलेलीला नाही, असा मी माझ्यापुरता अर्थ लावला. सोबत आलेलीसाठी नियम असता तर गुरवांनी माझ्याकडे बघून सांगितला असता. "अक्का," मी म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ती कळी देवीनं नाही पाडली. पाण्यानं पाडली. मी डोळ्यांनी पाहिलं."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोट ओठांवर ठेवलं.

मला वाटलं दम लागलाय म्हणून. मी पुढे समजावलं की दगड गुळगुळीत, वर पाण्याचा ओघळ, त्यात कळीचं वजन. जड वस्तू खालीच येणार. समईची ऊब उजव्या बाजूला, म्हणून तिकडची कळी वाळून घट्ट बसली. अक्कांनी हाताने 'गप' अशी खूण केली. मी म्हणाले, "गप कशी बसू? जिवाचा प्रश्न आहे. देवीला काय सांगायचं ते ती अशी गळक्या खांद्यावरून सांगेल का?" अक्का भराभर चालू लागल्या. मीही भराभर चालले आणि मूर्तीचा कल, गुरुत्वाकर्षण, सगळं उरकलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलताना मला दिसत होता. मला वाटलं, पटतंय. शाळेत आमच्या बाईंना फळ्यापाशी जे समाधान वाटत असेल ते मला त्या गुरांच्या वाटेवर वाटलं.

ओढा आला. अक्का पाण्यातून पलीकडे गेल्या, एका धोंड्यावर बसल्या, पदर बाजूला करून तोंड धुतलं, मान धुतली. मग माझ्याकडे वळल्या.

"आता बोलतो," त्या म्हणाल्या. "मी काय इचारलं ठावं हाय तुला?"

"ऑपरेशन करू का म्हणून."

"तसं कुणी सांगितलं तुला?"

"मग काय विचारलंत?"

"मी इचारलं, आई, ही गाठ हाय तशीच ऱ्हाऊ देऊ का? तिनं डावा दिला. न्हाय म्हणाली. ऱ्हाऊ देऊ नगं म्हणाली." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मी मनाशी म्हटलं, बरं झालं, मिटलं. सोमवारी मिरजंला जायाचं. लई हलकं वाटलं बघ मला. आन तवापास्नं तू मागनं लागलीयास, पाणी व्हतं, पाणी व्हतं."

मीही पलीकडे येऊन बसले, ओल्या वाळूत. लुगडं भिजलं हे नंतर कळलं.

"अक्का," मी म्हणाले, "पण पाणी तरी कुणी सोडलं?"

"अभिषेकवाल्यानं. तूच सांगितलंस."

"तो नेमका आजच कसा आला? देवीनंच आणला असेल की."

"आन मूर्ती कलल्याली?"

"तीही... असेल काही कारण."

"सुमन," अक्का म्हणाल्या, आणि आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं, "चढताना देवी, उतरताना पाणी, वढा वलांडला की पुन्ना देवी. मी कुणाचं धरू? तू शिकल्याली. तू डोळ्यांनी बघितलंस म्हंतीस. खोटं सांगशील व्हय?"

खोटं नव्हतं, तीच पंचाईत.

परतीच्या गाडीत मी पुन्हा प्रयत्न केला, अंमळ मोठ्या आवाजात, कारण इंजिनचा आवाज फार होता. मलकापूर सोडेपर्यंत पुढच्या चार बाकांना सगळी हकिगत कळली होती. फेटेवाला एकजण वळून म्हणाला, "मावशी, कौल पुन्ना लावा की. दोनातनं एक धरायचा."

त्याच्या शेजारची बाई म्हणाली, "एका कामाला दोनदा इचारत्यात व्हय? कोपंल ती. तुमच्या बायकूला एकच गोष्ट दोनदा इचारून बघा."

"इचारतो की. दोन्ही टायमाला न्हायच म्हणती."

गाडी हसली. मागून कुणीतरी विचारलं, "पण पाणी कुठल्या अंगाला व्हतं?" आणि मग उजवं अंग कुणाचं, देवीचं की माणसाचं, यावर दोन तट पडले. कंडक्टर तिकिटं देत आमच्यापर्यंत आला. त्यालाही कुणीतरी निवाडा मागितला. तो म्हणाला, "मला एवढंच ठावं हाय, फाडल्यालं तिकीट परत घेत न्हाय." अक्का या वेळी खिडकीत नव्हत्या, खिडकीत मी होते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि हात गळ्यापाशी होता, पदरावरून.

घरी आमच्या ह्यांनी दारातच विचारलं, "काय पडला?"

"डावा," मी म्हणाले. "म्हणजे होकार. पण तो पाण्यानं पडला. पण ते..."

"थांब," ते म्हणाले. "मिरजेला जायचं की नाही?"

"जायचं ठरलं होतं. मी समजावलं, तेव्हापासून ठरत नाहीये."

ह्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाले, "बरे मार्क होते," आणि अक्कांसाठी पाणी आणायला आत गेले.

रविवारी अक्का जयसिंगपूरच्या गाडीत बसल्या. मी खिडकीखाली उभी. मी हे सगळं अंकात लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "लिही खुशाल. देवीचं खोटं लिहू नगंस, आन तुझं बी." मिरजेचं विचारलं तर म्हणाल्या, "बघू." गाडी सुरू होईपर्यंत चांगला वेळ होता. बोलायला पुष्कळ होतं. मी बोलले ते असं: "अक्का, भडंगाची पिशवी धुऊन पाठवते." गाडी गेली.

तेव्हापासून मी एकाच गोष्टीचा विचार करते आहे. माझ्या लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी याच देवीला कौल लावला होता. उजवा पडला, म्हणून मी या घरात आले. त्या दिवशी कुठल्या खांद्यावर पाणी होतं, कोणी पाहिलं? आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणतील, पाहायला हवं होतं. मुलाच्या वेळी मी अडले होते तेव्हाही उजवा पडला आणि मी सुटले, म्हणून अजून दर वर्षी ओटी पाठवते. तेव्हा मी कुणाला ना ओघळ विचारला ना समई. मनासारखं झालं की देवी, मनाविरुद्ध झालं की पाणी, असं माझं विज्ञान. आणि गंमत अशी की मनाविरुद्ध झालेलंही नव्हतं.

आपल्याकडे अंबाबाईच्या देवळात किरणं येतात तेव्हा मी दर वर्षी गर्दीत उभी राहते. सूर्य कलतो, महाद्वारातून ऊन आत येतं, बांधणाऱ्यांनी तसं बांधलंय, हे सगळं मला माहीत आहे, मीच मुलांना समजावते. आणि ऊन देवीच्या पायांवर आलं की माझे हात आपोआप जोडले जातात, डोळे भरून येतात. तिथे मला कधी प्रश्न पडला नाही की हे सूर्याचं की देवीचं. तो प्रश्न मला डोंगरावर पडला, कारण तिथे मी भ्याले होते.

मग खरं काय? देवीनं पाणी वापरलं, की पाणी आपलं आपण वाहिलं आणि अक्कांनी त्यात देवी पाहिली? मला ठरवता येत नाही. मी मनापासून देव मानणारी बाई आहे आणि त्या खांद्यावर पाणी होतं. दोन्ही लिहून ठेवते. एक मात्र मला ठरवता येतं. कळी कोणीही पाडली असो, ती पडायच्या आधीही गाठ होती, आणि पडल्यानंतरही आहे. डोंगर चढून आम्ही देवीला बोलायला लावलं, उतरताना मी पाण्याला बोलायला लावलं. सोबत गेलेली मी तेवढी काही बोलले नाही.

आता बोलते. मैत्रिणींनो, पुढचं तुमच्यासाठी नाही, पण वाचलंत तरी हरकत नाही. अक्का, तुमची सून आपल्या मंडळातली, अंक फिरत फिरत तिच्याकडे येतो आणि ती तुम्हांला वाचून दाखवते. तेव्हा ऐका. ओढ्यावर तुम्ही पदर बाजूला केलात तेव्हा ती गाठ मी पहिल्यांदा उजेडात पाहिली, आणि मला भीती वाटली. तुम्ही आम्हांला हव्या आहात. ह्यांनाही, पण ते सांगणार नाहीत, ते नुसतं पाणी आणून देतील. मिरजेला चला. कुणी विचारलं कौल कुणाचा, तर सुमनचा म्हणा. तो पुसून काढायला या वेळी मी मागे लागणार नाही. मी येते, दवाखान्यात तुमच्याजवळ राहते, घरचं सगळं इथे ह्यांच्यावर सोपवून. खिडकीत मीच बसेन. कोणत्या वारी निघायचं तेवढं उलट टपाली कळवा. पोस्टकार्डावर नुसता वार लिहिलात तरी पुरे.